कावेरीचा तंटा: रयतेचा सलोखा आणि सरकारांचा सावध पवित्रा

कुंभकोणमच्या उत्तरेस कावेरी वाहते, दक्षिणेस तिचीच शाखा अरसलार वाहते, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यावर वसलेल्या ह्या प्राचीन नगराचे दैनंदिन जीवन, देवळांचे उत्सव आणि आसपासच्या खेड्यांतील भातशेती ही सर्व त्या पाण्याच्या आगमनाच्या तिथीशी बांधलेली आहेत. ही तिथी आकाशातील मेघांवर जितकी अवलंबून असते तितकीच ती दूर पश्चिमेस मेट्टूर येथील धरणाच्या दरवाजांवर, आणि त्याहूनही दूर कर्नाटकातील चार जलाशयांच्या पातळीवर अवलंबून असते. यामुळे कावेरीचा तंटा हा येथील माणसाला वृत्तपत्रातील राजकारण वाटत नाही. तो त्याच्या जमाखर्चातील एक रकाना आहे. या तंट्यात 2003 साली तमिळनाडू व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील शेतकऱ्यांनी आपण होऊन समेटाचा एक प्रयत्न केला. त्या प्रयत्नाकडे सरकारांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी कितपत सयुक्तिक होती, आणि त्यातून कोणते प्रश्न अनिर्णीत राहिले, याचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे.

पूर्वपीठिका

वरच्या अंगाचे राज्य पाणी अडविते आणि खालच्या अंगाचे राज्य तक्रार करते, हा प्रकार ब्रिटिश अंमलापेक्षाही जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियाराने कावेरीस बांध घातला, तेव्हा एरवी परस्परांशी वैर धरणारी मदुरेची राणी मंगम्माळ आणि तंजावरचे मराठे राजे शहाजी यांनी संयुक्त स्वारीची सिद्धता केली, परंतु युद्धास तोंड लागण्यापूर्वीच अतिवृष्टीने तो बांध वाहून गेला, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. मराठी वाचकास या वृत्तांतात स्वाभाविकच कौतुक वाटेल. तथापि त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या वेळी तंटा मिटला तो मुत्सद्देगिरीने किंवा शस्त्राने नव्हे, पावसाने. आणि पुढील तीन शतकांत हाच अनुभव कितीदा तरी आला.

आधुनिक कज्जाचा पाया 1892 व 1924 सालच्या दोन करारनाम्यांत आहे. पहिल्या करारान्वये म्हैसूर संस्थानाने मद्रास सरकारच्या संमतीवाचून विवक्षित नद्यांवर नवीन पाटबंधारे बांधू नयेत असे ठरले. पुढे कृष्णराजसागर या म्हैसूरच्या नियोजित धरणाचा प्रश्न निघाला तेव्हा लवाद नेमला गेला. न्यायमूर्ती ग्रिफिन यांनी 1914 मध्ये दिलेला निवाडा मद्रासला मानवला नाही, प्रकरण विलायतेपर्यंत गेले, आणि शेवटी 18 फेब्रुवारी 1924 रोजी दुसरा करार झाला. त्यात एकीकडे कृष्णराजसागरास व दुसरीकडे मेट्टूरच्या धरणास वाट मोकळी झाली, आणि काही कलमांचा पन्नास वर्षांनी पुनर्विचार व्हावा अशी तरतूद ठेवण्यात आली. या घडामोडींच्या आरंभकाळी, 1906 ते 1909 या वर्षांत, म्हैसूरच्या दिवाणगिरीवर व्ही. पी. माधवराव होते. ते याच कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातील. नदीच्या एका टोकाचा पुत्र दुसऱ्या टोकाच्या दरबाराचा कारभार पाहतो, ही त्या काळच्या हिंदुस्थानात नित्याची गोष्ट होती. भाषावार प्रांतरचनेनंतर ती अकल्पनीय झाली, हे कोणत्याही पक्षाचा दोष न काढता नोंदविले पाहिजे.

पन्नास वर्षांची मुदत 1974 मध्ये भरली. मुदतीबरोबर करारही संपला असे कर्नाटकाचे म्हणणे पडले. पुनर्विचाराची मुदत भरली म्हणजे करार रद्द झाला असे नव्हे, असे तमिळनाडूचे. दरम्यान कर्नाटकाने हारंगी, कबिनी व हेमावती या उपनद्यांवर जलाशयांची कामे हाती घेतली होती. 1968 ते 1990 या काळात मंत्रिपातळीवर सव्वीस बैठका झाल्या, त्यांतून एकही टिकाऊ तडजोड निघाली नाही. 1976 साली जगजीवनराम यांच्या मध्यस्थीने तयार झालेला मसुदाही मंजुरीवाचून दफ्तरात पडून राहिला. त्याआधी तमिळनाडूने सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा 1972 मध्ये सामोपचाराच्या आशेने मागे घेतला होता. या दोन गोष्टी, मागे घेतलेला दावा आणि निष्फळ सव्वीस बैठका, वाचकाने स्मरणात ठेवाव्यात; पुढे चेन्नईच्या सरकारी वर्तनाचा उलगडा करताना त्यांचा उपयोग होणार आहे.

अखेर जलविवाद न्यायाधिकरणाचे दार उघडले तेही शेतकऱ्यांच्या फिर्यादीमुळे. कावेरी खोऱ्यातील तमिळ शेतकऱ्यांच्या संघटनेने 1983 साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, न्यायालयाने मे 1990 मध्ये केंद्र सरकारला आदेश दिला आणि 2 जून 1990 रोजी न्यायाधिकरण स्थापन झाले. 25 जून 1991 च्या अंतरिम हुकुमाने मेट्टूरला वर्षाकाठी 205 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळावे असे ठरले. कर्नाटकाने त्याविरुद्ध अध्यादेश काढला, सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला, आणि डिसेंबरात हुकूम राजपत्रात प्रसिद्ध होताच बंगळूर व आसपासच्या मुलखात दंगली उसळून तमिळ कुटुंबांना घरेदारे सोडून पळावे लागले. पाण्याच्या भांडणास भाषिक वैराचे रूप किती सत्वर येते, हे त्या वेळी प्रथम दिसले.

2002 चा दुष्काळ आणि ‘कावेरी कुटुंब’

पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली 1998 साली कावेरी नदी प्राधिकरण नेमले गेले होते. तीन-चार बऱ्या पावसाच्या वर्षांत त्याची कसोटी लागली नाही. 2002 चा मोसमी पाऊस फसला आणि ती लागली. मुख्यमंत्री जयललिता प्राधिकरणाच्या बैठकीतून उठून गेल्या. कर्नाटकाचे मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी पाणी सोडणे थांबवून मंड्याच्या दिशेने पदयात्रा काढली, आणि न्यायालयाच्या अवमानाचा प्रसंग ओढवल्यावर त्यांना माफी मागावी लागली. कबिनी जलाशयात उडी घेऊन एका शेतकऱ्याने प्राण दिले. खालच्या अंगास कुरुवैचे, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या भाताचे, पीक बुडाले, कारण मेट्टूरचे दरवाजे उघडण्याची 12 जून ही परंपरागत तारीख त्या वर्षी व पुढल्याही वर्षी पाळता आली नाही.

या पार्श्वभूमीवर एप्रिल 2003 मध्ये मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज या चेन्नईच्या संशोधनसंस्थेने दोन्ही राज्यांतील शेतकऱ्यांना एकत्र बोलाविले. त्याच संस्थेतील एस. गुहन यांनी, जे पूर्वी तमिळनाडू शासनाच्या सेवेत वरिष्ठ अधिकारी होते, 1993 सालीच कावेरी तंट्यावरील आपल्या पुस्तकात सलोख्याच्या मार्गाचा पुरस्कार केला होता. गुहन 1998 मध्ये निवर्तले. बैठकीची धुरा अर्थशास्त्रज्ञ एस. जनकराजन यांनी वाहिली, आणि केंद्राच्या जलसंसाधन खात्याचे माजी सचिव रामस्वामी अय्यर यांचे वैचारिक पाठबळ तिला लाभले. जून महिन्यात दुसरी बैठक बंगळूरला झाली. जी समिती स्थापन झाली तिला ‘कावेरी कुटुंब’ असे नाव मिळाले. तमिळनाडूच्या बाजूने मन्नारगुडीचे एस. रंगनाथन आणि कर्नाटकाच्या बाजूने रयत संघाचे के. एस. पुट्टण्णय्या हे तिचे अग्रणी होते. दोघेही आपापल्या प्रांतात कडवे म्हणून प्रसिद्ध. मवाळ माणसांची समिती असती तर तिच्या समेटाला घरी कोणी विचारले नसते.

समितीने प्रथम केले ते एवढेच, की कर्नाटकाच्या शेतकऱ्यांना त्रिभुज प्रदेशातील भेगाळलेली खाचरे दाखविली आणि तमिळ शेतकऱ्यांना मंड्याकडील जलाशय व ऊसभाताचे मळे दाखविले. वाचणाऱ्यास हे भाबडे वाटेल. परंतु तीस वर्षे दोन्ही बाजूंस असा दृढ समज होता की पलीकडच्या बाजूला पाणी मुबलक असून तक्रार केवळ कांगावा आहे; आणि या समजाचे निरसन आकड्यांनी होत नाही, कारण आकडे प्रत्येक पक्षाचे निराळे असतात. पुढे समिती अनेक वर्षे चालली, तज्ज्ञांच्या साहाय्याने तुटीच्या वर्षातील वाटपाच्या निरनिराळ्या सूत्रांचा तिने विचार केला, तथापि सर्वमान्य असे सूत्र तिला अखेरपर्यंत देता आले नाही.

सरकारांचा पवित्रा

या उपक्रमास दोन्ही राज्य सरकारांनी अटकाव केला नाही, आणि त्याला तंटा मिटविण्याचा अधिकृत मार्ग म्हणून मान्यताही दिली नाही. न्यायाधिकरणापुढील वकिलांची फौज पूर्ववत उभी राहिली, साक्षीपुरावे पूर्ववत चालले. समितीच्या चर्चेने शासन बांधले जाईल असा एकही हुकूम निघाला नाही. या वर्तनाला कोणी उदासीनता म्हणतील, कोणी धूर्तपणा. प्रस्तुत लेखकाच्या मते सावधगिरी हाच शब्द त्यास अधिक न्याय देतो, कारण त्यामागील कारणे उघड आहेत व ती परस्परविरोधी पक्षांची असूनही बरीच सारखी आहेत.

पहिले कारण कायद्याचे. घटनेच्या अनुच्छेद 262 अन्वये व 1956 च्या आंतरराज्य जलविवाद अधिनियमान्वये तंट्यातील पक्षकार राज्ये असतात. रयत ही पक्षकार नसते, तिचे प्रतिनिधित्व सरकार करते. शेतकऱ्यांच्या समितीने उद्या एखादा आकडा मान्य केला आणि तो न्यायाधिकरणापुढे ‘तुमच्याच माणसांनी कबूल केलेला’ म्हणून दाखविला गेला, तर वर्षानुवर्षे लढविलेला दावा दुबळा होईल, ही भीती वकिलांना वाटणे साहजिक होते. निवाडा दृष्टिपथात आलेला असताना कोणताही शहाणा अशील आपल्या कैफियतीबाहेरचे शब्द उच्चारीत नाही.

दुसरे कारण, विशेषतः तमिळनाडूच्या बाजूस, स्मृतीचे. वर सांगितलेल्या सव्वीस बैठका आणि मागे घेतलेला दावा यांनी चेन्नईच्या सचिवालयास एक धडा शिकविला होता: वाटाघाटी चालू असताना वरच्या अंगाची धरणे वाढत जातात. या दृष्टीने चर्चा ही शांततेची नव्हे, कालहरणाची युक्ती ठरते, आणि न्यायालयीन हुकूम हेच खालच्या राज्याचे एकमेव शस्त्र उरते. हा युक्तिवाद केवळ हट्टाचा नाही. खालच्या अंगाच्या राज्याला वाट पाहणे परवडत नाही, याचे प्रत्यंतर कुंभकोणमजवळच्या कोणत्याही खेड्यात मिळते, जेथे कालव्याच्या शेपटाशी पाणी पोहोचण्यास आधीच उशीर होतो.

कर्नाटकाची बाजू तितकीच समजून घेतली पाहिजे. 1892 व 1924 चे करार एका बाजूस सार्वभौम साम्राज्यसत्ता आणि दुसऱ्या बाजूस तिचे मांडलिक संस्थान यांच्यात झाले, त्यांत समान पक्षांची संमती नव्हती, आणि सिंचनात मागे राहिलेल्या प्रदेशाने इतिहासाच्या त्या अन्यायास कायमचे बांधून का घ्यावे, हा त्या राज्याचा मूळ सवाल आहे. तत्त्वतः वाटाघाटींचा आग्रह कर्नाटकानेच अधिक धरला. परंतु मंड्या-म्हैसूरच्या मतदारसंघांत ‘पाणी दिले’ हा आरोप कोणत्याही मंत्रिमंडळाला सोसवणारा नव्हता, म्हणून शेतकऱ्यांच्या समेटाचे प्रकट स्वागत करणे त्यासही जड गेले.

आणखी एक आक्षेप सरकारांचा नव्हे, टीकाकारांचा आहे. या कुटुंबात मुख्यतः जमीनधारक शेतकरी होते. लावणीच्या मजुरीवर जगणारी भूमिहीन कुटुंबे, ज्यांचे कुरुवै बुडाल्यावर प्रथम आणि सर्वांत अधिक नुकसान होते, त्यांचा आवाज तेथे क्षीण होता. कावेरीचे पाणी पिणारे बंगळूर शहर तेथे नव्हते. चर्चेचा भर प्रामुख्याने दोन मोठ्या राज्यांवर राहिल्याने केरळ व पुदुच्चेरी कडेला पडले. हा आक्षेप खरा आहे. मात्र सरकारी शिष्टमंडळांतही मजूर कधी नव्हता, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

निवाडा झाला, तूट उरली

5 फेब्रुवारी 2007 रोजी अंतिम निवाडा आला. खोऱ्यातील 740 टीएमसी पाण्यापैकी तमिळनाडूला 419, कर्नाटकाला 270, केरळला 30 व पुदुच्चेरीला 7 अशी वाटणी झाली, आणि राज्यसीमेवरील बिलिगुंडलू या मोजणीच्या ठिकाणी वर्षास 192 टीएमसी पोहोचावे असे ठरले. तो राजपत्रात यावयास 2013 चा फेब्रुवारी उजाडला. तत्पूर्वी, नोव्हेंबर 2012 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून जयललिता व जगदीश शेट्टर हे दोन मुख्यमंत्री बंगळूरला समोरासमोर बसले आणि काही निष्पन्न न होता उठले. 2016 च्या सप्टेंबरात न्यायालयाच्या पाणी सोडण्याच्या आदेशानंतर बंगळूरला पुन्हा जाळपोळ झाली. 16 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिलिगुंडलूचा आकडा 177.25 टीएमसीवर आणला, कर्नाटकाचा वाटा 14.75 टीएमसीने वाढविला, त्यात बंगळूरच्या पिण्याच्या पाण्याची व तमिळनाडूच्या भूजलाची दखल घेतली, आणि ही व्यवस्था पंधरा वर्षांसाठी राहील असे सांगितले. त्यानंतर दोनच दिवसांनी पुट्टण्णय्यांचे निधन झाले.

हक्काचा प्रश्न अशा रीतीने बव्हंशी निकालात निघाला. सरकारांनी 2003 मध्ये निवाड्याची वाट पाहिली ती या अर्थाने फुकट गेली नाही. तमिळनाडूस तर बंधनकारक आकडा हातात मिळाला. पण 740 हा आकडा पन्नास टक्के विश्वासार्हतेचा आहे, म्हणजे स्थूलमानाने दोन वर्षांपैकी एका वर्षीच तेवढे पाणी येण्याची अपेक्षा धरावी, असा त्याचा अर्थ. जेथे अर्धी वर्षे तुटीची असण्याचा संभव, तेथे खरा करार तुटीचाच असावयास हवा. निवाड्यात त्याविषयी एक कलम आहे: उत्पन्न कमी झाल्यास वाटेही त्याच प्रमाणात कमी व्हावेत. परंतु तूट कोणत्या महिन्यापासून मोजावी, ती कोणत्या जलाशयांच्या आवकीवरून ठरवावी, आणि सप्टेंबरअखेर तूट दिसत असता ऑक्टोबरच्या पावसावर भिस्त ठेवावी की नाही, याचे सर्वमान्य कोष्टक आजही नाही.

ही अडचण खोऱ्याच्या रचनेतच आहे. कर्नाटकाच्या जलाशयांचे भवितव्य नैर्ऋत्य मोसमी पावसावर ठरते. त्रिभुज प्रदेशास मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य पाऊस मिळतो. म्हणून कर्नाटक म्हणते, तुमचा पाऊस अजून यावयाचा आहे, तोवर थांबा. त्रिभुज प्रदेश म्हणतो, कुरुवै जूनमध्ये लागते व सांब्याची, म्हणजे त्यापुढील हंगामाच्या भाताची, रोपे ऑगस्टात टाकावी लागतात, पाऊस येईतो काय करावे? आणि ईशान्य पाऊस येतो तो पुष्कळदा वादळाच्या रूपाने, नेमका पीक कापणीस आले असता. 2007 च्या निवाड्यातील मासिक वेळापत्रकात 192 पैकी 134 टीएमसी हे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे होते. तंटा बहुधा याच चार महिन्यांत पेटतो, याचे नवल वाटावयास नको. कावेरी कुटुंबातील चर्चा ज्या बिंदूवर अडली तो हाच. आणि 2023 च्या तुटीच्या वर्षी, 2018 मध्ये स्थापन झालेल्या व्यवस्थापन प्राधिकरणात व त्याच्या नियमन समितीत दोन्ही राज्यांचे अधिकारी दिवसागणिक 5,000 क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाण्यावरून भांडले, बंगळूर व पुढे सगळे कर्नाटक बंद झाले, तेही याच बिंदूवर.

महाराष्ट्राच्या वाचकास याची तुलना परक्या मुलखात शोधावी लागणार नाही. गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यात नाशिक-नगरची धरणे व जायकवाडी यांच्यात समन्यायी वाटपाचा जो वाद आहे, त्यात 2005 च्या कायद्याने व जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने तुटीचे गणित आधीच मांडून ठेविले: पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे. त्या गणितावर दोन्ही बाजूंनी कडाडून हरकती घेतल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि अद्यापही प्रत्येक तुटीच्या वर्षी ओरड होतेच. तथापि ती ओरड आकड्याच्या अंमलबजावणीवर होते, आकडा कोणी ठरवावा यावर होत नाही. अर्थात तेथे दोन्ही बाजूंवर एकच राज्य सरकार आहे, ही सोय कावेरीला नाही.

अनिर्णीत राहिलेले

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की सरकारांची सावधगिरी हक्काच्या प्रश्नापुरती समर्थनीय होती, तुटीच्या प्रश्नापुरती नव्हती. तुटीच्या वर्षाचे सूत्र मान्य केल्याने कोणाचाही मूळ वाटा कमी होत नव्हता, आणि न्यायाधिकरणापुढील कैफियतीस धक्का न लावता, ‘हक्कास बाध न येता’ या सरकारी दफ्तराच्या चिरपरिचित शब्दांच्या आश्रयाने, शेतकऱ्यांच्या समितीस जलाशयांची रोजची आकडेवारी व दोन अभियंते देणे शक्य होते. यावर विरुद्ध पक्षाचे उत्तर असे की खोऱ्यात ‘मूळ वाटा’ आणि ‘तुटीचा वाटा’ हा भेद कागदावरच राहतो; तुटीची सवय झाली की तोच वाटा होऊन बसतो. या उत्तरात तथ्य आहे, आणि त्याचा निकाल तर्काने लागणारा नाही.

त्याखेरीज मेकेदाटूचा प्रश्न आहे. सुमारे 67 टीएमसी साठ्याच्या या नियोजित धरणात कर्नाटकास बंगळूरच्या पिण्याच्या पाण्याची व विजेची सोय दिसते, तर तमिळनाडूस आपल्या हद्दीत येणाऱ्या अखेरच्या मोकळ्या प्रवाहावर बसणारे कुलूप दिसते. काहींच्या मते तुटीच्या काळात हाच साठा दोन्ही राज्यांस उपयोगी पडू शकेल, परंतु त्याच्या चाव्या कोणाच्या हाती असाव्यात याचे उत्तर मिळाल्यावाचून त्या मताला कुंभकोणमकडे श्रोता मिळणे कठीण. 2020 साली तमिळनाडूने त्रिभुज प्रदेशास संरक्षित कृषिक्षेत्र म्हणून कायद्याने जाहीर केले आणि तेल-वायूच्या नव्या उत्खननास बंदी केली. पण भातपिकाचा पसारा, पाणी जास्त पिणाऱ्या वाणांचा मोह आणि शेपटाकडील कालव्यांची दुरवस्था यांविषयी दोन्ही राज्यांत जी आत्मपरीक्षा व्हावयास हवी, तिची चर्चा कावेरी कुटुंबातच थोडीफार झाली, सरकारी वाटाघाटींत जवळजवळ नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेली पंधरा वर्षे 2033 मध्ये पुरी होतात. त्या वेळी आकड्यांचा पुनर्विचार कोणत्या मंचावर होईल, हे अद्याप निश्चित नाही. व्यवस्थापन प्राधिकरणावर केंद्राचे सदस्य आहेत आणि चारही पक्षकारांचे सनदी अधिकारी आहेत. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीस तेथे जागा नाही, आणि ती असावी काय, यावर दोन्ही राज्यांच्या सरकारांनी आपले मत अजून प्रकट केलेले नाही.